दुबईत नवीन आलात? कॅमेरा बॅगेत ठेवा आणि आधी खाडीवर या

एक दिरहमचं नाणं हातात घेऊन नीट बघा. एका बाजूला लांब चोचीची किटली कोरलेली दिसेल. ही दल्ला, अरबी कॉफीची किटली. हेच नाणं अब्रावाल्याच्या हातावर ठेवलं की तो तुम्हाला बर दुबईच्या धक्क्यावरून पलीकडे देराला सोडतो. अब्रा म्हणजे लाकडी होडी, मधल्या बाकावर पाठीला पाठ लावून बसलेली माणसं, हात लांब केला तर बोटं भिजतील इतकं जवळ पाणी, आणि पाच-सात मिनिटांचा प्रवास. दुबईशी ओळख करून घ्यायला याहून चांगली जागा मला चौदा वर्षांत सापडलेली नाही.

मी मूळची ठाण्याची. दुबईच्या करामा भागात राहायला आले तेव्हा पहिलं वर्ष घर, सुपरमार्केट आणि मॉल यांतच गेलं. शहर दिसायचं ते बसच्या काचेतून. मग एक जुना कॅमेरा विकत घेतला, त्याच्या निमित्ताने रस्त्यावर चालायला लागले, आणि चालता चालता लोकांशी बोलायला लागले. आता नव्याने आलेली मराठी मंडळी मला विचारतात: कुठे जायचं, कशाचा फोटो चालतो, कशाचा नाही, चित्रं बघायला कुठे मिळतात, सुलेखन शिकता येतं का. त्यांना जे सांगते तेच इथे क्रमाने लिहिते आहे. आधी बसायचं, मग बोलायचं, मग कॅमेरा काढायचा. हा क्रम उलटा केला की इथे फोटोही चांगले येत नाहीत आणि त्रासही होतो.

पहिला शनिवार: नुसतं बघायचं

२०२२पासून दुबईत सरकारी कचेऱ्यांना सुट्टी शनिवार-रविवारची आहे आणि शुक्रवारी अर्धा दिवस काम असतं. शारजाला मात्र शुक्रवार, शनिवार, रविवार अशी तीन दिवस सुट्टी. शुक्रवारी दुपारी नमाजाच्या वेळी जुन्या बाजारातली बरीच दुकानं बंद असतात, म्हणून पहिली फेरी शनिवारी सकाळी करा.

मेट्रोच्या हिरव्या लाइनने अल घुबैबाला उतरा आणि चालत धक्क्यावर या. सुटी नाणी जवळ असू द्या. अब्राने देराला गेलात की समोरच मसाल्यांचा बाजार. तिथे वाळवलेली काळी लिंबं दिसतील. त्यांना लूमी म्हणतात, इथल्या भातात आणि रश्श्यात ती घालतात. शेजारी लोबानाचे खडे, केशर, वाळवलेल्या गुलाबकळ्या. दुकानदार हिंदीत हाक मारतील. घ्यायचं नसेल तर हसून ‘शुक्रन’ म्हणा आणि पुढे चला. गोल्ड सूक पाठीमागेच आहे, पण ते तुम्ही तसंही बघणार आहात, त्यामुळे आज तिकडे वेळ घालवू नका.

आज वेळ घालवायचा तो गलबतांच्या धक्क्यावर. खाडीच्या देराकडच्या काठाला मोठमोठी लाकडी गलबतं लागलेली असतात. काठावरच टायर, फ्रिज, बिस्किटांची खोकी, तांदळाची पोती रचलेली असतात. माल इराणला, सोमालियाला, येमेनला जातो. खलाशांमध्ये इराणी, बलुची, आणि आपल्या कच्छकडचेही असतात. आखातातली जुनी गलबतं ज्या सागवानाची बांधली जात, तो मलबारहून यायचा. या किनाऱ्यावरून काढलेले मोती मुंबईच्या बाजारात विकले जायचे. जपानी कल्चर्ड मोत्यांनी १९३०च्या आसपास तो धंदा बसवला, तोवर या भागाची सगळी मिळकत मुंबईच्या भावावर अवलंबून होती. दुबईत पहिलं टपाल कार्यालय उघडलं ते १९०९ साली, ब्रिटिश हिंदुस्थानच्या टपाल खात्याचं. आपण इथे कालपरवा आलो असं वाटतं, पण ही खाडी आपल्याकडच्या माणसांना फार आधीपासून ओळखते.

कॅमेरा बॅगेतच असू द्या. कठड्यावर तासभर बसा. कडक चहा हवा असेल तर ‘करक’ मागा. माल कसा चढवतात, कोण कोणाला हाक मारतो, ऊन कुठून कुठे सरकतं हे बघा. दुसऱ्या फेरीला हे बघणं कामाला येतं. एवढं आत्ताच सांगून ठेवते: मावळतीचं ऊन देराच्या काठावर थेट पडतं, तेव्हा गलबतांचा रंग उजळून येतो. आणि सूर्य बुडताना देराच्या बाजूला उभं राहून बर दुबईकडे पाहिलं की वाऱ्याचे मनोरे आणि मिनार काळ्या छायेत उभे राहतात.

दुसरी पायरी: काय टिपायचं नाही

ही पायरी ओलांडून पुढे जाऊ नका. आपल्याकडे रस्त्यात कोणाचाही फोटो काढायची सवय असते, तीच इथे अंगाशी येते.

परवानगीशिवाय कोणाचा फोटो काढणं किंवा तो पसरवणं हा इथे गुन्हा ठरू शकतो. २०२१च्या सायबर गुन्ह्यांच्या संघराज्य कायद्यात, म्हणजे ३४ क्रमांकाच्या कायद्यात, खासगीपणाच्या भंगासाठी किमान सहा महिने कैद, दीड लाख ते पाच लाख दिरहम दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. अपघाताचा किंवा जखमींचा फोटो काढून व्हॉट्सअॅपवर टाकणं याच कायद्यात येतं. रस्त्यात अपघात दिसला तर फोन खिशात ठेवा, मागून येणाऱ्या गाडीतल्या मित्राला सावध करण्यासाठीसुद्धा फोटो पाठवू नका. तोंडी सांगा.

सरकारी इमारती, राजवाडे, लष्करी जागा, पोलीस ठाणी, न्यायालयं, विमानतळाचा सुरक्षा भाग यांच्याकडे लेन्स वळवायची नाही. तिथे बहुतेक पाटी असतेच: ‘ममनू अत्तस्वीर’, फोटो काढण्यास मनाई. ही पाटी मला पहिल्यांदा कोणीतरी वाचून दाखवली तेव्हा गंमत वाटली. आपली तसबीर आणि त्यांचं तस्वीर एकच. ममनू आणि मनाई हे दोन शब्दही एकाच अरबी धातूतून आलेले. पाटीचा अर्थ मला त्या दिवसापासून विसरता आलेला नाही.

ड्रोनबद्दल एकच सांगते. भारतातून आणलेला ड्रोन नोंदणी आणि परवानगीशिवाय बॅगेतून बाहेर काढू नका, गच्चीवरूनही नाही.

स्थानिक बायका, त्यांची मुलं, समुद्रकिनाऱ्यावरची कुटुंबं यांचा फोटो न विचारता कधीच नाही. माझ्याकडून ही चूक झालेली आहे. एका बाजारात मी कापडाच्या थप्प्यांचा फोटो काढला, आणि चौकटीच्या कडेला अबाया, म्हणजे पायघोळ झगा घातलेली एक बाई आली. तिच्यासोबतचा मुलगा तडक माझ्याकडे आला. मी लगेच पडद्यावर फोटो दाखवला, त्याच्यासमोर पुसला आणि माफी मागितली. तो ‘मा फी मुश्किला’ म्हणाला, म्हणजे काही हरकत नाही, आणि गेला. माझे हात मात्र बराच वेळ थरथरत होते. असं कधी झालंच तर वाद घालू नका. दाखवा, पुसा, माफी मागा.

आणखी एक गोष्ट, ही कायद्याची नाही, माणुसकीची. सावलीत झोपलेल्या मजुराचा फोटो काढणं सोपं असतं, कारण तो नाही म्हणत नाही. १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावरचं काम बंद ठेवायचा नियम आहे, त्या वेळी तुम्हाला अशी माणसं जागोजागी दिसतील. त्यांना झोपू द्या.

तिसरी पायरी: विचारायचं कसं

चार शब्द पाठ करा. पुरुषाला ‘लौ समहत’, बाईला ‘लौ समहती’, म्हणजे ‘कृपा करून’. मग ‘मुमकिन सूरा?’ म्हणजे ‘एक फोटो काढू का?’ सूरा म्हणजे चित्र, आपला सुरत हा शब्द त्यातलाच. उत्तर ‘ला’ आलं तर ‘शुक्रन’ म्हणून पुढे जा, का म्हणून विचारू नका. उजवा हात छातीवर ठेवून किंचित मान लववली की नकारानंतरही दोघांच्या मनात कडवटपणा राहत नाही. अरब बाईशी बोलताना पुरुषांनी हात पुढे करू नये. तिने केला तरच मिळवावा.

धक्क्यावर आणि बाजारात मात्र हिंदी पुरेशी आहे. तिथे ‘भाई, काम चालू ठेवा, मी बाजूला उभी राहते’ असं सांगते, म्हणजे माणूस छाती फुगवून उभा राहत नाही, आपल्या कामात राहतो. पहिले दोन-तीन फोटो कामाचे नसतातच. तेवढ्या वेळात त्याला तुमची सवय होते. फोटो काढून झाला की पडद्यावर दाखवा. हे केलंत की शेजारचा खलाशी स्वतःहून म्हणतो, माझाही काढा.

कॅमेरा कुठला, हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो आणि सगळ्यात कमी महत्त्वाचा आहे. फोन चालेल. कॅमेरा असेल तर ३५ किंवा ५० मिलिमीटरची एक लहान लेन्स ठेवा. भली मोठी लेन्स समोर आली की माणूस बावचळतो आणि सुरक्षारक्षकही तुमच्याकडे यायला लागतात.

या देशाचा सगळ्यात प्रसिद्ध फोटो एका मुंबईकराने काढलेला आहे, हे इथे आलेल्या प्रत्येक मराठी माणसाला ठाऊक असायला हवं. रमेश शुक्ला १९६५च्या सुमारास आपला रोलेकॉर्ड कॅमेरा घेऊन मुंबईहून बोटीने इकडे आले. २ डिसेंबर १९७१ला जुमैरातल्या युनियन हाउसमध्ये अमिरातींच्या संघावर सह्या झाल्या, आणि झेंड्याखाली उभ्या राहिलेल्या राज्यकर्त्यांचा फोटो त्यांनी घेतला. पुढे राष्ट्रीय दिनाच्या बोधचिन्हात तीच आकृती आली. त्या जागेवर आज एतिहाद संग्रहालय आहे. त्याचं प्रवेशदालन हस्तलिखिताच्या पानासारखं वळवलेलं आहे, आणि सात खांब हे सह्या करणाऱ्या लेखण्या. फोटोची आवड असेल त्याने पहिल्या महिन्यातच तिथे जावं.

चौथी पायरी: अल फहीदी आणि एक कप गहवा

आता कॅमेरा बाहेर काढायला हरकत नाही. बर दुबईच्या बाजूला अल फहीदीचा जुना मोहल्ला आहे, ज्याला जुनी माणसं अजून बस्तकिया म्हणतात. इराणातल्या बस्तक गावाकडून आलेल्या व्यापाऱ्यांनी १८९०च्या दशकापासून तो वसवला. भिंती समुद्रातल्या प्रवाळाच्या दगडाच्या आणि जिप्समच्या, गल्ल्या इतक्या अरुंद की भर दुपारीही एका बाजूला सावली. घरांवर चौकोनी मनोरे दिसतात, ते बारजील. चारही बाजूंनी उघडा असलेला मनोरा वरचा वारा पकडतो आणि खाली खोलीत सोडतो. विजेच्या आधीचा हा एसी. १९८०च्या दशकात या मोहल्ल्याचा निम्मा भाग पाडला गेला. उरलेला वाचला त्यात रेनर ऑटर या ब्रिटिश वास्तुविशारदाचा मोठा वाटा आहे. तो तिथल्याच एका जुन्या घरात राहत होता. १९८९ साली युवराज चार्ल्स दुबईला आले तेव्हा त्यांनी हा मोहल्ला पाहिला आणि तो राखावा म्हणून शब्द टाकला.

फोटोसाठी हिवाळ्यात सकाळी आठ ते दहा. भिंतींचा वाळूसारखा रंग त्या वेळी ऊबदार दिसतो आणि एका भिंतीची सावली दुसऱ्या भिंतीवर तिरकी पडते. पांढऱ्या कंदुऱ्यातला, म्हणजे इथल्या पुरुषांच्या पायघोळ अंगरख्यातला माणूस उन्हात उभा असेल तर कॅमेरा फसतो: कपडा पांढराफेक होतो किंवा चेहरा काळा पडतो. त्याला सावलीच्या कडेला यायची विनंती करा. दरवाजे जरूर टिपा, पण उघड्या दारातून आत डोकावू नका. काही घरांमध्ये गॅलऱ्या आणि छोटी संग्रहालयं आहेत, नाण्यांचं आहे, कॉफीचं आहे. पण बंद दार म्हणजे कोणाचं तरी खासगी आवार, असं धरून चला.

याच मोहल्ल्यात शेख मोहम्मद सेंटर फॉर कल्चरल अंडरस्टँडिंग आहे. इथे स्थानिक अमिराती मंडळी पाहुण्यांना आपल्या घरासारख्या बैठकीत जेवू घालतात आणि वाटेल ते प्रश्न विचारा म्हणतात. आधी नाव नोंदवावं लागतं आणि पैसे पडतात, पण मी प्रत्येक नवीन माणसाला हे एकदा कराच म्हणते. इथे वर्षानुवर्षं राहून एकाही अमिराती घरात पाऊल न टाकलेली आपली माणसं मला ठाऊक आहेत. मी स्वतः सहा वर्षं त्यांच्यातलीच होते. हेच केंद्र जुमैराच्या मशिदीत फेरीही घेतं, शुक्रवार सोडून इतर दिवशी. खांदे-गुडघे झाकलेले कपडे घाला, बायकांनी डोक्यावर घ्यायला ओढणी न्या. आत फोटो काढता येतो, फक्त प्रार्थना करणाऱ्या माणसावर कॅमेरा रोखू नये.

बैठकीत बसलात की नाण्यावरची ती दल्ला तुमच्यासमोर येईल. तिच्यातली कॉफी म्हणजे गहवा: फिकट सोनेरी रंग, वेलदोड्याचा वास, कधी केशर, साखर अजिबात नाही. गोडाला सोबत खजूर. वाढणारा डाव्या हातात दल्ला धरतो आणि उजव्या हाताने फिंजान, म्हणजे बिनकानाची छोटी वाटी पुढे करतो. तुम्ही उजव्याच हाताने घ्या. वाटीत कॉफी तळाशी थोडीशीच असेल. हा कंजूषपणा मुळीच नव्हे. काठोकाठ भरलेली वाटी दिली तर पाहुण्याला ‘लवकर आटपा’ म्हटल्यासारखं होतं. रिकामी वाटी पुढे केलीत की पुन्हा ओततील. पुरे झालं की वाटी दोन-तीनदा हलकेच डावी-उजवीकडे हलवून परत द्यायची. मला हे माहीत नव्हतं. पहिल्यांदा मी सात वाट्या प्यायले आणि रात्रभर टक्क जागी होते.

ऊन, दमटपणा, वाळू

नोव्हेंबर ते मार्च हा भटकायचा काळ. डिसेंबर ते फेब्रुवारीत काही पहाटे धुकं उतरतं आणि उंच इमारतींचे फक्त माथे वर राहतात. ८२८ मीटरच्या बुर्ज खलिफाचा फोटो तुम्ही काढणारच, तो अशा सकाळी काढा. जूनमध्ये साडेपाचला उजाडतं, त्यामुळे साडेसातपर्यंत घरी परत यायचं.

उन्हाळ्यात एसीतून बाहेर आलं की लेन्सवर वाफ धरते. कपड्याने पुसत बसू नका, पुन्हा धरते. घरातून निघतानाच कॅमेरा झिपच्या पिशवीत बंद करा आणि बाहेर वीस-तीस मिनिटं तसाच ठेवा, मग काढा. वाळवंटात लेन्स बदलू नका. वाळू आत गेली की दुरुस्तीला जो खर्च येतो त्यात दुसरी लेन्स आली असती. कॅमेरा गाडीत ठेवून जेवायला जाऊ नका. पाण्याची बाटली मात्र दोन ठेवा, एक स्वतःसाठी आणि एक देण्यासाठी.

चित्रं बघायला: अल कूझ, जद्दाफ आणि शारजा

आपल्या लोकांना गॅलरीत शिरायला संकोच वाटतो. काचेचं दार, आत शांतता, आपल्याला विकत तर काही घ्यायचं नाही. दार ढकला. बहुतेक गॅलऱ्यांना तिकीट नसतं, आणि नुसतं बघायला आलेल्याला कोणी हटकत नाही.

अल कूझ हा गोदामांचा भाग. तिथे एका जुन्या संगमरवराच्या कारखान्याच्या जागेवर २००७पासून अलसरकाल अव्हेन्यू हा गॅलऱ्यांचा परिसर उभा राहिला. शनिवारची अख्खी दुपार द्या. फोटोवाल्यांसाठी तिथे गल्फ फोटो प्लस आहे: प्रदर्शनं, कार्यशाळा, फोटो छापून घ्यायची सोय, आणि मिळून भटकायचे कार्यक्रमही. नवीन माणसाला सोबती मिळवायला याहून सोपा रस्ता नाही. जवळच इशारा आर्ट फाउंडेशन आहे, ते दक्षिण आशियातल्या, म्हणजे आपल्याकडच्या कलाकारांवर भर देतं. आणि सिनेमा अकील हे एका पडद्याचं छोटं चित्रपटगृह, जिथे मॉलमध्ये न लागणारे सिनेमे लागतात.

जद्दाफच्या काठावर जमील आर्ट्स सेंटर आहे, २०१८चं. प्रवेश मोफत, मंगळवारी बंद. त्याचं ग्रंथालय सगळ्यांना खुलं आहे. लहान मूल असेल तर तुम्ही पुस्तक चाळा आणि मुलाला बाहेरच्या शिल्पांमध्ये फिरू द्या.

पण मनापासून सांगायचं तर मला शारजा जास्त आवडतं. आपल्यासाठी शारजा म्हणजे एप्रिल १९९८, सचिनच्या १४३ आणि १३४, आणि मध्ये आलेलं वाळूचं वादळ. तिथे राहणारी मंडळीसुद्धा त्यापलीकडे फारशी जात नाहीत. दुबईच्या युनियन किंवा घुबैबा बसस्थानकाहून शारजातल्या जुबैलची बस पकडा आणि जुन्या शहरात उतरून चाला. १९९३पासून तिथे दर दोन वर्षांनी जगभरातल्या कलाकारांचं बिएनाले भरतं, ते जुनी घरं, अंगणं, गल्ल्या यांमध्ये पसरलेलं असतं. तबकडीच्या आकाराची १९७८ची ‘फ्लाइंग सॉसर’ नावाची इमारत आता कलेसाठी नीट करून घेतली आहे, संध्याकाळी तिचा काचेचा घेर उजळतो. एक्स्पोजर हा फोटोग्राफीचा महोत्सव २०१६पासून शारजातच होतो. जगातले नावाजलेले छायाचित्रकार समोर बसून आपलं काम दाखवतात. तारखा आधी बघून रजा टाका. कपड्यांच्या बाबतीत शारजा दुबईपेक्षा कडक आहे, तेवढं लक्षात ठेवा.

शारजातच अरबी सुलेखनाचं संग्रहालय आहे. ज्यांनी लहानपणी बोरूने अक्षरं गिरवली आहेत त्यांचे डोळे तिथे भरून येतील. त्यांची लेखणीही बोरूचीच, टोक तिरकं कापलेलं, आणि नाव कलम. शिकणारा सुरुवात करतो एका ठिपक्याने. लेखणीच्या टोकाने उमटलेला चौकोनी ठिपका हेच माप: अलिफ किती ठिपके उंच, दुसऱ्या अक्षराचं पोट किती ठिपके रुंद, असं सगळं त्यावर मोजतात. भाषा येत नसेल तरी वर्ग लावायला हरकत नाही. मी नस्ख वळण सहा महिने गिरवलं, आणि त्यानंतर दुकानांच्या पाट्या मला नक्षी न वाटता अक्षरं वाटायला लागल्या.

नाणी, नोटा, तिकिटं

घरात बसून करायच्या छंदांमध्ये हा सगळ्यात चांगला, कारण याचे धागे थेट आपल्याकडे येतात. १९५९ साली रिझर्व्ह बँकेने खास आखातासाठी वेगळ्या रंगाचे रुपये छापले. इथून होणाऱ्या सोन्याच्या तस्करीमुळे भारताची परकीय गंगाजळी आटत होती, म्हणून इथले रुपये ओळखू येतील असे वेगळे काढावे लागले. त्यांच्या क्रमांकाआधी ‘झेड’ अक्षर असतं. १९६६मध्ये रुपयाचं अवमूल्यन झालं तेव्हा इथल्या राज्यांनी तो सोडला, आणि १९७३ साली दिरहम आला. आखाती रुपयाची नोट आता महाग मिळते आणि बनावट नोटाही फिरतात, म्हणून जाणकाराला दाखवल्याशिवाय घेऊ नका.

मुलांना सुरुवात करून द्यायची असेल तर ‘ड्यून्स’ घ्या. १९६०च्या दशकात अजमान, फुजैरा, उम्म अल कुवैन अशा छोट्या अमिरातींनी परदेशी दलालांशी करार करून रंगीबेरंगी तिकिटं भरमसाट काढली: अंतराळवीर, ऑलिंपिक, फुलपाखरं, चित्रकारांची चित्रं. मुरलेले संग्राहक त्यांना किंमत देत नाहीत, पण म्हणूनच ती स्वस्त आहेत. दहा वर्षांच्या मुलाला चंद्रावरच्या यानाचं तिकीट दाखवून ‘हे फुजैराने का काढलं असेल?’ असं विचारा, इतिहासाचा तास आपोआप होतो.

पक्षी आणि उंट

रास अल खोरच्या दलदलीत, शहराच्या अगदी मधोमध, हिवाळ्यात रोहित पक्षी उतरतात. प्रवेश मोफत, आडोशाच्या खोपट्यातून बघायचं. ठाण्या-शिवडीच्या खाडीत थवे पाहिलेल्या माणसाला इथे वेगळं काय वाटावं, तर चिखलापलीकडे उभ्या काचेच्या इमारती. इथे मात्र लांब पल्ल्याची लेन्स लागते.

उंटांच्या शर्यतींसाठी अल मरमूमला जा, हंगाम हिवाळ्याचा आणि वेळ अगदी सकाळची. लहान मुलांना जॉकी म्हणून बसवण्यावर २००५ साली बंदी आली, आता उंटाच्या पाठीवर छोटा यंत्रमानव असतो आणि मालक शेजारून गाडी पळवत त्याला सूचना देतात. मला शर्यतीपेक्षा आधीची वेळ आवडते, रंगीत झुली घातलेले उंट ओळीने रस्ता ओलांडतात तेव्हाची.

रमजानमध्ये

दिवसा सार्वजनिक जागी खाणं-पिणं टाळा. सूर्यास्ताला काही ठिकाणी दुबई पोलीस तोफ उडवतात, तिथे लहान मुलांना घेऊन जा. कान झाकायला सांगा. इफ्तारसाठी रस्त्याकडेला रांगेने बसलेली माणसं बघून कॅमेऱ्याकडे हात जाईल, पण पहिला खजूर तोंडात जाईपर्यंत थांबा. तुम्हालाही ताटाला बोलावतील. बसा.

पैसे घेऊन काम करायचं झालं तर

बारशाचे, वाढदिवसाचे फोटो काढून द्या म्हणून ओळखीतले विचारायला लागतील. फुकट देणं वेगळं आणि पैसे घेणं वेगळं. पैसे घ्यायचे तर परवाना लागतो, आणि नोकरीच्या किंवा जोडीदाराच्या व्हिसावर असाल तर आधी नियम विचारून घ्या. समाजमाध्यमांवर दरपत्रक टाकणंही यातच आलं. मंडळाच्या कार्यक्रमासाठी वर्गणी गोळा करतानाही हीच काळजी: इथे परवानगीशिवाय पैसे जमवता येत नाहीत, म्हणून गणपतीची पावतीपुस्तकं घेऊन दारोदार फिरायची आपली पद्धत इथे चालत नाही.

शेवटची पायरी: प्रिंट

ज्याचा फोटो काढलात त्याला तो कागदावर द्या. धक्क्यावरच्या माणसांचे फोटो मी महिन्यातून एकदा पोस्टकार्डाच्या आकारात छापून घेते. गलबत तोवर निघून गेलेलं असतं, म्हणून पाकिटावर गलबताचं नाव लिहून ठेवते आणि दर फेरीला सोबत नेते. एका खलाशाचं पाकीट माझ्या बॅगेत आठ महिने होतं. तो परत आला तेव्हा मी त्याला ओळखलं नाही, दाढी वाढली होती. त्यानेच हाक मारली. फोटो उलटसुलट करून बघितला, मग मला विचारलं, एकच आहे का? एक आईला पाठवायचा आहे.

तेव्हापासून प्रत्येकाच्या दोन प्रती काढते. मागे पेन्सिलीने तारीख आणि जागा लिहा, पेनाची शाई दमट हवेत पसरते.